छेदात नसलेली माणसं

२०२४ च्या सप्टेंबरात आमच्या विभागातल्या एक बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी त्यांनी घरून मिराबेलचे टार्ट करून आणले होते. मिराबेल म्हणजे मोठ्या बोराएवढी, पिवळीधमक, गालावर लाल ठिपके असलेली आलुबुखारं. फ्रान्सच्या लोरेन प्रांतात ऑगस्ट-सप्टेंबरात घरोघरी या फळाचा पूर येतो. पत्र्याचे दोन मोठे ट्रे, वर चौकटीचं कापड, रस मुरून तळाशी जरासा ओला झालेला पापुद्रा, आणि सगळ्या मीटिंग रूमभर साखर करपल्याचा वास. मॅनेजरने चार शब्द बोलायचे म्हणून बोलताना म्हटलं, "आता तुम्हाला लक्झेंबर्ग निवांत बघता येईल." बाई कागदी ग्लासातली क्रेमाँ, म्हणजे फेसाळती वाइन, संपवत म्हणाल्या, "बघेन की. या देशात मी अजून एकही रात्र झोपलेली नाही." सगळे हसले, मीही हसले. मग बाईंनी ट्रे धुतले, टेबल पुसलं आणि चारच्या सुमाराला निघाल्या. साडेचारनंतर फ्रान्सच्या हद्दीजवळच्या रोदांज स्टेशनाच्या गाडीत बसायला जागा मिळत नाही, हे त्यांना निरोपाच्या दिवशीही विसरता आलं नाही.

त्यांची सगळी नोकरी याच शहरात झाली, आणि तरी एकही रात्र नाही. तक्रारीचा सूर नव्हता, आव नव्हता. वाण्याकडे सुटे पैसे नाहीत हे सांगावं तसं त्यांनी सांगितलं. पण ते वाक्य मला घरी येऊनही सोडेना. भाजी चिरताना, मुलाचा गणिताचा अभ्यास घेताना मध्येच आठवायचं. याचं कारण थोडं माझ्या धंद्यात आहे.

मी फंडांच्या हिशेबाचं काम करते. आपल्याकडे म्युच्युअल फंडात पैसे घालणाऱ्या कुणालाही एनएव्ही माहीत असते. फंडाची देणी वजा जाता उरलेली मालमत्ता भागिले युनिटांची संख्या, एवढं सोपं गणित. ते रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेत बिनचूक करायचं, की त्या आकड्यावर लोकांचे पैसे आत येतात आणि बाहेर जातात. या कामात अंशातल्या चुका पुष्कळ होतात. कुठे शेअरचा जुना भाव आला, कुठे डिव्हिडंड दोनदा धरला. त्या सापडतात. खरी झोप उडवते ती छेदातली चूक. काल कुणीतरी मोठी रक्कम घालून युनिटं घेतली, पैसे मालमत्तेत धरले गेले, पण युनिटं मात्र एक दिवस उशिरा नोंदली, तर फंड एका रात्रीत श्रीमंत झालेला दिसतो. दिसतो फक्त. बाई या चुका पकडण्यात पटाईत होत्या. स्क्रीनवर विश्वास नसल्यासारख्या त्या तक्ता छापून घेत, पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी ओळीखाली धरून वरून खाली सरकवत येत, आणि मध्येच पट्टी थांबली की आम्ही समजायचं, आज उशीर आहे. "पैसा आला आणि माणूस आला नाही, असं कसं होईल?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणूस म्हणजे युनिटधारक.

आणि नेमकं तेच तर या देशाच्या सगळ्यात प्रसिद्ध आकड्यात होतं.

लक्झेंबर्ग हा दरडोई उत्पन्नात जगातल्या पहिल्या एक-दोन देशांत. युरोपीय संघाच्या सरासरीच्या जवळजवळ अडीचपट. देश केवढा, तर २,५८६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्मा, आणि लोकसंख्या ६ लाख ८० हजारांच्या आसपास. पण इथल्या पगारदारांपैकी जवळजवळ निम्मे लोक रोज सकाळी दुसऱ्या देशातून येतात आणि संध्याकाळी परत जातात. साधारण २ लाख ३० हजार माणसं. त्यातली सव्वा लाखाच्या आसपास फ्रान्समधून, उरलेली बेल्जियम आणि जर्मनीतून जवळजवळ सारखी. त्यांनी केलेलं काम देशाच्या उत्पन्नात, म्हणजे अंशात. ती स्वतः मात्र छेदात नाहीत, कारण माणसं जिथे राहतात तिथे मोजली जातात. युरोपीय संघाचं सांख्यिकी खातं हा खुलासा दर वर्षी इमाने-इतबारे देतं, आणि वर्तमानपत्रं दर वर्षी इमाने-इतबारे तो गाळून 'सर्वांत श्रीमंत देश' असा मथळा देतात. घरटी लोक प्रत्यक्षात किती खर्चतात, वापरतात या मापाने पाहिलं तर इथला माणूस सरासरी युरोपीय माणसाच्या दीडपटीच्याही आत भरतो. तेही काही वाईट नाही. पण अडीचपट आणि दीडपट यांच्या मधल्या फटीत बाईंसारख्या माणसांचं मोठं गाव वसलेलं आहे.

माझं बालपण डोंबिवलीचं. त्यामुळे 'कामाचं गाव वेगळं आणि झोपायचं गाव वेगळं' यात मला नवल वाटायला नको होतं. बाबा आयुष्यभर फोर्टातल्या एका बँकेत होते. सकाळची फास्ट लोकल, डबा, घडी घातलेला पेपर, रात्री पाय धुऊन जेवायला बसणं. आम्हाला बाबा रविवारी उजेडात दिसत. मुंबईबद्दल ते अधिकाराने बोलायचे. कुठल्या गल्लीत कोणता खानावळवाला, कुठे चष्म्याची काडी दुरुस्त होते, सगळं पाठ. पण रात्र? माझ्या आठवणीत त्यांनी मुंबईत काढलेली रात्र एकच, २६ जुलै २००५ ची. बँकेत टेबलं जोडून, लेजरचे गठ्ठे उशाला घेऊन झोपले आणि दुसऱ्या दिवशी बऱ्याच अंतरापर्यंत रुळांवरून चालत आले. दारात उभे राहिले तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने कडक झाली होती. आई रागावली की रडली, नीट आठवत नाही. दोन्ही असावं.

तेव्हा बाईंचं वाक्य ऐकून मला आधी वाटलं, यात काय, आमच्या बाबांचंच आहे. पण ते तसं नाही. बाबांचा कर मुंबईतच कापला गेला तरी त्यातून डोंबिवलीला काहीच मिळू नये असा कायदा नव्हता (मिळालं किती, हा वेगळा आणि दुखरा विषय). मुंबईचा प्रश्न ज्या विधानसभेत जाई, त्याच विधानसभेत डोंबिवलीचा आमदार बसे, आणि बाबा त्याला मत देत, मग पाच वर्षं शिव्या देत. बाईंच्या बाबतीत मध्ये देशाची हद्द आहे. हद्द दिसत नाही. तिथे नाका नाही, शिपाई नाही, एक निळी पाटी आहे आणि पेट्रोल पंपांची रांग. पण पगाराच्या चिठ्ठीवर, पेन्शनच्या कागदावर, मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर ती अगदी ठळक उमटते.

बाई मूळच्या लोंवीच्या. लोंवी हे फ्रान्सच्या टोकाचं पोलादाचं गाव, तिथून बेल्जियमही हाकेच्या अंतरावर आणि लक्झेंबर्गही. जमिनीखाली लालसर लोहखनिज, त्याला इथे मिनेट म्हणतात, आणि ते काही हद्द बघून थांबत नाही. अलीकडे-पलीकडे सारख्याच भट्ट्या, सारखीच चिमण्यांची रांग, सारखेच इटलीहून आलेले खाणकामगार. मग १९७५ च्या सुमाराला पोलादाचं संकट आलं ते दोन्हीकडे आलं. पुढे जे झालं ते मात्र सारखं नाही. १९७८ च्या अखेरीस फ्रान्समध्ये हजारो नोकऱ्या कापायची योजना जाहीर झाली आणि लोंवी पेटलं. मोर्चे, रस्ते अडवणं, पोलिसांशी मारामाऱ्या. १९७९ मध्ये कामगार संघटनेने तिथे चक्क स्वतःचं बेकायदा रेडिओ केंद्र सुरू केलं होतं, 'लोरेन, पोलादी काळीज' अशा अर्थाच्या नावाचं. बाई तेव्हा शाळेत होत्या. वडील भट्टीवर. स्वयंपाकघरात तो रेडिओ दिवसभर चालू असे आणि आजी म्हणे, आवाज कमी कर, शेजारी फोरमन राहतो. भट्ट्या गेल्याच. वडील उरलेलं आयुष्य बागेत टोमॅटो लावत बसले.

हद्दीच्या अलीकडे काय झालं? इथलं पोलाद म्हणजे आर्बेद नावाची एक अवाढव्य कंपनी. ७० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलादात इथे सुमारे २५ हजार माणसं होती, एवढ्याशा देशात. १९७७ मध्ये सरकार, मालक आणि संघटना यांना एका टेबलाशी बसवण्याची पद्धत सुरू झाली, तिला त्रिपक्षीय म्हणतात आणि ती आजही जिवंत आहे. सरसकट कुणाला काढायचं नाही असं ठरलं. जादा ठरलेल्या कामगारांचा एक वेगळा विभागच केला. ते पगारावर राहून सार्वजनिक कामं करत. पन्नाशी ओलांडलेल्यांना लवकर पेन्शन. याचा खर्च भागवायला देशाने स्वतःवर जादा कर बसवून घेतला. पोलादाच्या नोकऱ्या इथेही शेवटी गेल्याच, आज चार हजारांच्या आसपास उरल्या असतील. पण माणसं रस्त्यावर आली नाहीत. एकाच खनिजाच्या थरावर, गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर, एका गावात दंगल आणि दुसऱ्या गावात बैठक. लहान असण्याचा फायदा म्हणा, सगळे एकमेकांना ओळखतात म्हणून म्हणा. की पैसा होता म्हणून? माझं मत तिसऱ्याकडे झुकतं, पण नुसत्या पैशाने माणसं एका टेबलाशी बसत नाहीत हेही आपण आपल्याकडे गिरणगावात बघितलेलं आहे.

आणि मग पोलाद उतरत असतानाच पैशाची भट्टी पेटली. फंडांचा युरोपीय नियम आपल्या कायद्यात आणणारा पहिला देश लक्झेंबर्ग, १९८८ मध्ये. आज इथे नोंदलेल्या फंडांतली मालमत्ता ५ लाख कोटी युरोंच्या वर आहे; या धंद्यात पुढे फक्त अमेरिका. तेव्हा बँकांना हिशेब येणारा माणूस मिळेल तिथून हवा होता. त्याच लाटेत लोंवीतल्या पोलाद कामगाराची मुलगी लक्झेंबर्ग शहरातल्या किर्शबर्गच्या पठारावर, बँकांच्या वस्तीत, नोकरीला लागली. वडिलांनी आधी दोन दिवस अबोला धरला, पगाराचा आकडा ऐकल्यावर सोडला, असं बाई सांगत.

माझी-त्यांची ओळख झाली तीही पोलादावरूनच. मी नवी, नाव भारतीय. पहिल्याच आठवड्यात कॉफीच्या मशिनपाशी त्यांनी विचारलं, "तू मित्तलची कोण?" मला आधी टोमणा कळलाच नाही. २००६ मध्ये लक्ष्मी मित्तल यांनी आर्सेलर, म्हणजे आर्बेद जिच्यात विलीन झाली ती कंपनी, घेतली तेव्हा मी भारतात होते आणि आपल्याकडे केवढा अभिमान उसळला होता ते मला आठवत होतं. इकडची बाजू मला बाईंकडून कळली. त्यांचा धाकटा भाऊ त्याच कंपनीच्या, लोरेनमधल्या फ्लोरांजच्या कारखान्यात होता. तिथल्या भट्ट्या बंद ठेवल्या गेल्या, निवडणुकीच्या तोंडावर, फेब्रुवारी २०१२ मध्ये, फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ओलांद कामगारांसमोर गाडीच्या टपावर चढून बोलले, निवडून आले, आणि २०१३ मध्ये भट्ट्यांचा कायमचा निकाल लागला. "भाषणाचा फोटो अजून भावाच्या गॅरेजमध्ये आहे," बाई म्हणायच्या, "त्याच्यावर तो बाण फेकतो." फोटो ओलांद यांचा; मित्तल यांचा नव्हे. याचं मला उगाच बरं वाटलं. आर्बेदचा जुना राजवाड्यासारखा मुख्यालयाचा वाडा अजून शहराच्या मोठ्या रस्त्यावर दिमाखात उभा आहे, पण आता तो सरकारी बचत बँकेकडे आहे. बेलव्हालच्या जुन्या पोलाद कारखान्यात, भट्टीखाली, विद्यापीठ आलं. शेवटची भट्टी १९९७ मध्ये विझली. तीन भट्ट्यांपैकी एक सुटी करून बोटीने चीनला गेली, उरलेल्या दोन रंगरंगोटी करून ठेवल्या आहेत. पाऊस पडून गेल्यावर तिथे गंजाचा जो वास येतो, तो लोखंडी खिडकीच्या गजाला नाक लावल्यावर येतो तसा. पोरं लॅपटॉप घेऊन त्याखालून जातात.

आता कुणी म्हणेल, बाईंना पगार चांगला मिळाला, मग रडगाणं कसलं? खरं आहे, आणि त्यांनी ते कधी गायलंही नाही. २०२५ च्या सुरुवातीला इथलं किमान वेतन महिन्याला २,६३७ युरो होतं आणि फ्रान्सचं १,८०२. (इथे आठवडा ४० तासांचा, तिकडे ३५ चा, हे धरूनसुद्धा फरक राहतोच.) शिवाय इथे इंडेक्स आहे. महागाईचा निर्देशांक अडीच टक्के चढला की सगळ्यांचे पगार, पेन्शनी आपोआप अडीच टक्क्यांनी वाढतात. १९७५ पासून ही सोय सगळ्यांना लागू आहे. संप नको, अर्ज नको, साहेबाची मर्जी नको. २०२३ या एका वर्षात तर तो तीनदा लागू झाला. फ्रान्समधल्या आपल्या भावंडांसमोर हे बोलायला लाज वाटते, असं बाई एकदा म्हणाल्या होत्या.

पण त्याच चिठ्ठीवर बारीक अक्षरात बाकीचं असतं. नोकरी गेली तर बेकारभत्ता तुम्ही राहता त्या देशाने द्यायचा, जिथे वर्षानुवर्षं कर भरला त्याने नाही. लक्झेंबर्ग फार तर पहिल्या काही महिन्यांचा खर्च त्यांना परत करतो. घरून काम करायची मुभा वर्षाला ३४ दिवस. पस्तिसाव्या दिवसापासून कराचा गुंता सुरू. म्हणून आमच्या ऑफिसात बाईंच्या कॅलेंडरवर ३४ हिरव्या चौकटी असत आणि डिसेंबरात बर्फ पडला की त्या उरलेल्या चौकटींकडे डॉक्टरने मोजून दिलेल्या गोळ्यांसारखं बघत. १ मार्च २०२० पासून सगळ्या देशात बस, ट्राम, रेल्वे फुकट झाली. जगात वाहवा झाली. ती फुकट हद्दीपर्यंत. बाई मग फ्रान्समधून गाडी चालवत रोदांजला येत, तिथल्या भल्या मोठ्या वाहनतळावर ठेवत आणि तिथून पुढे फुकट गाडी. त्या वेळी किर्शबर्गखालच्या स्टेशनातून वर नेणाऱ्या फ्युनिक्युलरमध्ये, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या चढाच्या गाडीत, सकाळी आठला उभं राहून बघा: ओले कोट, पाठीवर पिशव्या, क्रोसाँचा भुगा, आणि एकही माणूस बोलत नाही. डोंबिवलीच्या डब्यात निदान भजन तरी असायचं.

शिष्यवृत्तीची गोष्ट तर मला फार आवडते. इथल्या सरकारने उच्च शिक्षणाची मदत फक्त देशात राहणाऱ्यांच्या मुलांना द्यायचं ठरवलं. हद्दीपलीकडच्या कामगारांनी दाद मागितली. प्रकरण युरोपीय न्यायालयात गेलं आणि २०१३ मध्ये निकाल आला: पालक इथे राबतात, मुलांना नुसतं राहत नाहीत म्हणून वगळता येणार नाही. आता हे युरोपीय न्यायालय आहे कुठे? किर्शबर्गवर, सोनेरी मनोऱ्यांत, आमच्या ऑफिसच्या खिडकीतून दिसतं तिथे. बाईंच्या मुलीला मदत मिळाली की नाही हे मी विचारलं नाही. पण त्या मनोऱ्यांकडे बोट दाखवून "ते आमच्या बाजूचे," असं त्या अधूनमधून म्हणत.

२०२० च्या मार्चमध्ये, कोविडच्या वेळी, छेदात नसलेली ही माणसं सगळ्यांना एकदम दिसली. जर्मनीने हद्दीवर तपासणी सुरू केली, छोटे पूल अडवले, फ्रान्सनेही कागद मागायला सुरुवात केली, आणि लक्झेंबर्गच्या सरकारच्या पोटात गोळा आला. कारण इथल्या दवाखान्यांत नर्सेस बहुतेक पलीकडच्या. हद्द बंद म्हणजे अतिदक्षता विभाग बंद. मग धावाधाव, शेजाऱ्यांना फोन, गाडीच्या काचेत लावायला दाखले, आणि पलीकडच्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी हॉटेलांत खोल्या. या देशाने त्या लोकांना 'रात्री राहा' असं बहुधा तेव्हाच पहिल्यांदा म्हटलं.

राहायचं म्हटलं तरी परवडायला हवं. आमच्या घराचं भाडं बघून डोंबिवलीची आई अजूनही आकडा दोनदा विचारते. जागांच्या किमती अशा की खुद्द लक्झेंबर्गर माणसं घरं विकून जर्मनीच्या, फ्रान्सच्या बाजूला राहायला जातात आणि तिकडच्या गावांत जमिनीचे भाव चढवतात. त्या गावांत शाळा बांधायच्या, रस्ते करायचे, पण तिथल्या निम्म्या माणसांचा कर इकडे. बेल्जियमच्या सीमेवरच्या गावांना लक्झेंबर्ग काही भरपाई देतो. फ्रान्सच्या गावांना तशी देत नाही. त्याऐवजी रेल्वे, वाहनतळ अशा कामांत वाटा उचलू म्हणतो. लोरेनमधल्या मेत्झ शहराचे महापौर यावर कित्येक वर्षं तावातावाने बोलत आले आहेत. आणि देशाच्या आतही सगळं सोन्याचं नाही. नोकरी असूनही गरिबीत असणाऱ्यांचं प्रमाण इथे युरोपात वरच्या नंबरांत आहे. आमच्या इमारतीत पहाटे पाचला सफाईला येणाऱ्या पोर्तुगीज मावशी देशातच राहतात, छेदात पूर्ण मोजल्या जातात. कागदावर त्यांच्याही वाट्याला अडीचपट.

मतांचं बोलायचं तर, ७ जून २०१५ ला इथे सार्वमत झालं. दहा वर्षं राहिलेल्या परदेशी माणसांना संसदेसाठी मत द्यावं का? नागरिकांनी ७८ टक्क्यांनी नाही म्हटलं. देशात जवळजवळ निम्मे रहिवासी परदेशी. हद्दीपलीकडून येणाऱ्यांचा तर प्रश्नच मतपत्रिकेवर नव्हता. मला तेव्हा राग आला होता. आता तेवढा येत नाही. इथल्या पगारदारांत देशाचे नागरिक साधारण चौथा हिस्सा; आपलीच भाषा दुकानात बोलता येत नाही, पावाच्या दुकानातही फ्रेंचच. त्यांच्या हातात उरलेली एक गोष्ट ते घट्ट धरून बसले तर मराठी माणसाने त्याला फार नावं ठेवू नयेत. मी स्वतः त्यांची भाषा शिकायला जाते, 'मोइएन', म्हणजे नमस्कार, म्हणून हसते, पण पासपोर्ट बदलायचा अर्ज ड्रॉवरमध्ये पडून आहे. आपला पासपोर्ट सोडावा लागतो. म्हणजे मत हवं असं म्हणायचं आणि किंमत द्यायला नको, अशी माझी गत. बाईंना निदान एक मत होतं: कामगारांच्या चेंबरचं. कुठेही राहणारा पगारदार आणि पेन्शनर तिथे मत देतो, कायद्याच्या मसुद्यांवर ते चेंबर आपलं म्हणणं मांडतं. सभासद साठ, संसदेतही साठ. फरक एवढाच की एका साठांचं ऐकावं लागतं आणि दुसऱ्या साठांचं ऐकून घेतलं जातं.

हिवाळ्यात बाईंनी जेवायला बोलावलं. लोंवीजवळचं खेडं, मागे गवत उगवलेली पोलादाच्या राखेची टेकडी. घर ऐसपैस, स्वयंपाकघरात लोंवीच्या मिन्याची निळी ताटली भिंतीवर. मिन्यात केसासारख्या बारीक भेगा असतात, त्या मुद्दाम पाडलेल्या. नवऱ्याची फ्रेंच पेन्शन आणि बाईंची लक्झेंबर्गची, यात घरात वरचढ कुणाची यावर दोघांची चेष्टा चालली होती. धीर करून विचारलं, खरंच एकही रात्र नाही? एकदा तरी, बर्फात, उशिरा? त्या म्हणाल्या, एकदा बर्फात गाडी हद्दीजवळ सोडून चालत आले. ऑफिसातल्यांनी हॉटेल देऊ केलं होतं. "मग का नाही राहिलात?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पट्टी चुकीच्या ओळीखाली धरली आहे. "घरी सूप होतं," त्या म्हणाल्या. मला त्यांच्यासाठी जे वाईट वाटत होतं ते मी तिथेच, पातेल्यातल्या बटाट्याबरोबर, गिळून टाकलं. सगळं नाही गिळलं गेलं. पण त्यांना त्याची गरज नव्हती, हे खरं.

त्यांच्या जागी कुणाला नेमलं नाही. त्यांचं काम पुण्याला गेलं. या धंद्यातलं बरंच काम आता तसं जातं. हिंजवडीत आमच्या फंडांचे ताळे जुळवणारी एक अख्खी टीम बसते. तिथली एक मुलगी रोज दुपारी कॉलवर असते. आधी 'मॅम' म्हणायची, मी एकदा 'अगं थांब जरा' म्हटल्यापासून 'ताई' झाले. चलाख आहे. युनिटांचा आकडा आधी बघते, मग मालमत्ता. १ मे २०२५ ला इंडेक्स लागू झाला, त्याची इमेल चुकून सगळ्या ग्रुपला गेली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "ताई, हे इंडेक्स काय आहे?" मी सांगितलं: महागाई अडीच टक्के वाढली की पगार अडीच टक्के वाढतो.

"सगळ्यांचा? आपोआप?"

"सगळ्यांचा. आपोआप."

ती जरा थांबली. तिच्याकडे रिक्षाचा हॉर्न वाजला, कुणीतरी चहा विचारून गेलं. "पण ताई, आम्ही पण तुमचेच फंड करतो ना?"

मी म्हटलं, "तो कालचा डिव्हिडंड जुळला का, ते आधी बघ."